डोळ्याकडे परतणारी वाट

भोयर सरांसमोर “मी माझ्या डोळ्यांनी पाहिले” असे म्हणण्याची चूक माणूस एकदाच करीत असे. सर हातातले काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि अत्यंत सौम्य, जवळजवळ मायेच्या स्वरात विचारत, “पाह्यलं, का सांगतलं?”

समोरचा गोंधळला, आणि तो गोंधळेच, की सर तो प्रश्न सोलून त्याच्या हातावर ठेवत. तुमच्या डोळ्याने आधी पाहिले आणि मग मेंदूला कळवले, की मेंदूनेच डोळ्याला सांगून ठेवले होते की आता अमुक दिसले पाहिजे, आणि डोळ्याने ते इमानाने पाहिले? एकदा दूधवाला म्हणाला की मांजरीने तुमच्या पातेल्यात तोंड घातलेले मी पाहिले. सरांनी त्याला ओट्यावर बसवून घेतले. मांजर कोणत्या बाजूने आली? तिथे ऊन होते की सावली? घरून निघताना बायको मांजरीविषयी काही बोलली होती काय? शेवटी दूधवाल्याने कबूल केले की त्याला फक्त शेपटी दिसली होती, आणि ती शेपटीसुद्धा बहुधा विहिरीची दोरी असावी. त्यानंतर तो आमच्या अंगणात मान खाली घालून येई, दूध घाली आणि काहीही न पाहता परत जाई.

महाविद्यालयातही हेच. प्राचार्यांनी परीक्षेच्या वेळी एका मुलाच्या मुठीत चिठ्ठी पाहिली. मूठ उघडली तर आत सुपारीचे खांड निघाले. सारे हसून मोकळे झाले असते. पण भोयर सर तिथे होते. ते म्हणाले, “तुम्ही नक्कल शोधायले निघालते, सर. निघतानाच डोळ्याले ऑर्डर देऊन निघालते. डोळा बिचारा काय करंल?” त्या वर्षापासून परीक्षेच्या कामातून त्यांचे नाव वगळण्यात आले. इतरांना ती शिक्षा वाटली. सरांनी त्या मोकळ्या दुपारी कोंबड्यांना दिल्या.

कोंबड्यांपाशी येण्यापूर्वी घराविषयी सांगायला हवे. सत्तरचे दशक सरत आले होते. टीव्ही वर्ध्यात अजून यायचा होता आणि संध्याकाळी करमणूक म्हणून शेजारी होते. मी मराठी शिकवायला नव्यानेच या गावात आले होते. स्टेशनपलीकडच्या वस्तीत कोल्हे काकाजींच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या मला मिळाल्या. मागच्या दोन खोल्या भोयर सरांकडे आधीपासून होत्या. ते प्राणिशास्त्र शिकवीत. आम्हा दोघांच्या मध्ये एक सामाईक भिंत, एक अंगण, सरांचे कासव असलेला एक सिमेंटचा हौद आणि एक कडुलिंब होता. हिवाळ्यात जिनिंगच्या कारखान्याकडून कापसाची तुसे उडत येत आणि लिंबाच्या पानांना बिलगून बसत. सकाळी हवेला सरकीचा तेलकट, कोमट वास असे. त्या वासात पहिल्याच दिवशी मला मागच्या बाजूने एक गंभीर पुरुषी आवाज ऐकू आला. “कुमारी पिवळी. कुमारी हिरवी. कुमारी जांभळी, काल कुठं होत्या?”

मला वाटले, शिकवणी चालली असेल. डोकावून पाहिले तर सर कोंबड्यांची हजेरी घेत होते. प्रत्येकीच्या पायात रंगीत लोकरीचा धागा होता आणि धाग्याच्या रंगावरून तिचे नाव. प्रत्येकीच्या एका डोळ्यावर काळ्या कापडाची इवलीशी झापड बांधलेली होती. जमिनीवर कुंकवाने रंगवलेले खडे पसरले होते आणि त्यांत कुंकवातच घोळलेली जवारी विखुरली होती. सर डबा वाजवत. कोंबडी मान तिरकी करी, उघडा डोळा खड्यांवर रोखी आणि त्या लालावरच्या लालातून नेमका दाणा उचली. सर तिच्याकडे अशा नजरेने पाहत, जशी मी फक्त पोलिसांची पाहिली आहे.

त्यांचा संशय माणसांपुरता नव्हता हे मला त्याच सकाळी कळले. कोंबडीला दाणा खरोखर दिसला, की डब्याच्या आवाजाने तिच्या मेंदूने डोळ्याला आधीच सावध केले, हे त्यांना शोधायचे होते. आणि कोंबडी एकदा सरावली की तिच्यावर त्यांचा विश्वास उडे. “शिकलेली कोंबडी खोटं बोलते,” ते म्हणत. “तिले उत्तर पाठ होते.” मग अशा पदवीधर कोंबडीचे तुम्ही काय करता, खाता काय, असे मी विचारले. सरांनी माझ्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिले. “विद्यार्थी खात नाई, म्याडम.”

एका दुपारी मी त्यांना सरळ विचारले की ही सारी भानगड आहे तरी काय. आमच्या कवितेत डोळे म्हणजे खिडक्या असतात, सरोवरे असतात, कधी बाणही असतात. पण त्यांना कोणी आतून हुकूम पाठवतो, असे मला कुणी शिकवले नव्हते. सर म्हणाले की तुमच्या कवींनी एकेरी रस्ता पाहिला. डोळा खिडकी नाही, टपालखाते आहे; तिथे येते आणि तिथून जाते. मग त्यांनी हौदात बोट बुडवले आणि तापलेल्या सिमेंटवर एक डोळा काढला, एक मेंदू काढला, आणि डोळ्यापासून मेंदूपर्यंत एक ओली रेघ ओढली. ही वाट सर्वांना ठाऊक आहे, म्हणाले. पण मेंदूच्या देठाजवळ पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून धागे निघतात, बाजू ओलांडतात आणि पलीकडच्या डोळ्याच्या पडद्यापाशी परत जाऊन पोचतात. सरांनी मेंदूकडून डोळ्याकडे एक बारीक उलटी रेघ ओढली. सरड्यात, कासवात ही नुसती पायवाट. पेशी थोड्या आणि विखुरलेल्या. कोंबडीत, कबुतरात पक्की सडक. आणि घारीत, घुबडात तीच सडक पुन्हा गवताने झाकलेली.

“काऊन?” मी विचारले. त्या गावात राहून ‘का’साठीचा तो शब्द माझ्या जिभेवर बसला होता.

“तेच तर शोधून राह्यलो. जमिनीवर दाना हुडकनाऱ्याले गरज जास्त असंल. इतक्या खड्यांत दाना एकच. डोळ्याले कोनी तरी सांगावं लागते, इथं पाह्य, इथं.”

“आणि माणसात?”

सिमेंटवरच्या रेघा वाळत आल्या होत्या. उलट जाणारी रेघ बारीक होती, ती आधी नाहीशी झाली. सरांनी तरी त्या कोरड्या जागेवरून तळहात फिरवला, जणू पुसायचे काही उरले होते. “पुस्तकात माणसाचं नाई लिहिलं,” ते म्हणाले आणि कोंबड्या कोंडायला गेले. ऊन अजून डोक्यावर होते.

या माणसावर वस्तीचा संशय असणे अगदी स्वाभाविक होते. कोल्हे काकूंनी तर तो संशय घरच्या रोपासारखा वाढवला होता. काकू मनाने वाईट नव्हत्या. पण कुठलीही दोन टोके मोकळी दिसली की त्यांची बोटे शिवशिवत. एकाक्ष कोंबड्या, काळी झापड, कुंकू, आणि शनिवार. कारण दर थोड्या आठवड्यांनी एखाद्या शनिवारी सर कापडी पिशवीत एक कोंबडी घालून एसटीने कुठेतरी जात आणि रविवारी रिकामी पिशवी घेऊन परतत. कुठे जाता, असे कुणी विचारले तर सर चष्मा पुसत. जगाला उलटे प्रश्न विचारणाऱ्या माणसाने एका साध्या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, हे वस्तीला पटत नव्हते. मलाही पटत नव्हते.

त्यातच भिंत पातळ होती. शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लागताना, सर पिशवी तयार करीत आणि जाणाऱ्या कोंबडीशी बोलत. त्यांचा एरवीचा खटल्यातला आवाज तेव्हा नसे. मी एकदा कान देऊन ऐकले. “भेवू नको,” ते सांगत होते. “तिथं तुले कोनी काई करत नाई. एक पोट्टी हाये फक्त. ती कोपऱ्यात बसून राह्यते.”

माझ्या हातातला चहा गार झाला. मुलगी? कोणाची? आणि कोपऱ्यात का बसून राहते? मी काकूंसारखी नाही, असे मी स्वतःला बजावले. पण त्या वाक्याभोवती माझेही मन सूत गुंडाळू लागले होते.

मग काकाजी बोलले. काकाजी हे मवाळ, पानतंबाखूतले गृहस्थ. त्यांच्या मुखातून बहुधा काकूच बोलत. अंगणात उभे राहून, नजर कडुलिंबाच्या शेंड्याला लावून ते म्हणाले की सर, लोकं बोलून राह्यले, घराले नाव पडते. येत्या अवसेच्या आत सांगून टाका कोंबड्या जातात कुठं, नाई तर खोल्या खाली करा.

आम्ही सर्व उलटतपासणीची वाट पाहत होतो. लोक म्हणजे कोण? बोलताना कोणी पाहिले? पाह्यलं, का सांगतलं? पण सर म्हणाले, “खोल्या खाली करतो.”

एवढेच. मांजरीच्या शेपटीसाठी दूधवाल्याची दुपार वाया घालवणारा माणूस एका वाक्यात घर सोडायला निघाला. घर मिळणे सोपे नव्हते. एकटा पुरुष, हौदात कासव, परसात कोंबड्या. असा भाडेकरू पत्करणारा दुसरा काकाजी साऱ्या वर्ध्यात सापडला नसता. घर गेले की कोंबड्या गेल्या, आणि इतक्या वर्षांचा तो शोध खड्यांसकट नालीत गेला असता. हे सरांना ठाऊक होते. पुढच्या दिवसांत ते संध्याकाळी खोल्या शोधत फिरत आणि परत येऊन अंधारात बसत. कोंबड्यांची हजेरी मात्र चुकली नाही.

मग काकू माझ्याकडे आल्या. त्यांना आता हट्टापेक्षा काळजी जास्त वाटत होती. भाडेकरू जाईल आणि खरे काय ते कधीच कळणार नाही, याची. त्यांनी मला सुचवले की येत्या शनिवारी मीच त्या एसटीत बसावे. “तुमी कविता शिकवता. तुमी खोटं नाई बोलनार. तुमी सांगसान ते मी मानीन.” कवितेवर इतका विश्वास टाकणारे माणूस मला त्याआधी भेटले नव्हते, त्यानंतरही नाही.

मी गेले. हेरगिरीचे मला ज्ञान नव्हते. डोक्यावरून पदर घेतला आणि मागच्या बाकावर लसणाच्या पोत्याआड बसले. एसटीत डिझेलचा, पेरूंचा आणि घामाचा वास कोंदला होता. सर पुढे बसले होते. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून कुमारी हिरवीची मान बाहेर आली होती, आणि तिचा झापड नसलेला डोळा मागे, नेमका माझ्यावर, रोखलेला होता. नारिंगी कड्यातला तो काळा थेंब. सेलू गेले, कापसाची पांढरी शेते गेली, तुरीची पिवळी फुले आली, लांबवर बोरच्या जंगलाची निळी रेघ उमटली. कोंबडीने डोळा हटवला नाही.

हिंगणीला बस थांबली. सर उठले आणि मागे न पाहता म्हणाले, “उतरा, म्याडम. हिंगनी आलं.”

खाली उतरल्यावर मी विचारले की तुम्हाला कसे कळले. “हिनं पाह्यलं तुमाले,” ते कोंबडीकडे बोट दाखवून म्हणाले. “वर्ध्यापासून मान वळवली नाई तिनं. लसनाच्या पोत्याकडे कोंबडी इतका वेळ पाहत नसते.”

मला वाटले, आता मला परत पाठवतील. ते बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले. त्यांच्या मागे एक रिकामी बैलगाडी करकरत गेली. मग म्हणाले, “चला. पन तिथं काई विचारू नका.”

गावाच्या कडेला एक सारवलेले घर होते, कुडाचे अंगण होते, सीताफळीचे एक झाड होते. दारात एक कृश, उंच बाई काठी टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत शिळ्या दुधासारखा धुरकट रंग होता. ती सरांची थोरली बहीण, शांताबाई. सर तिला नुसते बाई म्हणत. आईमागे तिनेच त्यांना वाढवले. पुढे काचबिंदूने तिची नजर गेली. कळले तेव्हा उशीर झाला होता.

“कोन हाये संगं?” पायांच्या आवाजावरून बाईंनी विचारले आणि त्यांचा चेहरा दारासारखा बंद झाला.

“आपल्यातलीच हाये, बाई,” सर म्हणाले. “बोल तू.”

ज्या माणसाने मांजरीच्या शेपटीवर विश्वास ठेवला नाही, त्याने माझ्याविषयी एकही प्रश्न न विचारता हे वाक्य उच्चारले. मला ते हातात दिलेल्या भरल्या वाटीसारखे वाटले. सांडू नये म्हणून मी जरा जपूनच उभी राहिले.

बाईंनी पिशवीतून कोंबडी काढली. तिच्या पाठीवरून, मानेवरून बोटे फिरवीत त्या झापडीपर्यंत पोचल्या, गाठ शोधली आणि सोडली. “झाली तुही शाळा,” त्या कोंबडीला म्हणाल्या. “आता दोन्ही डोयानं पाह्य.” मग तिला खाली सोडत त्यांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे, सीताफळीखाली, तोंड वळवले. “रखमे, पाय मांगं घे. नवी हाये, टोचंल.”

कोपऱ्यात कोणीही नव्हते. सारवलेली जमीन होती आणि तिच्यावर पानांची सावली हलत होती.

सरांनी बसायला चटई आणली. ती त्यांनी कोपऱ्यापासून हातभर अलीकडे अंथरली, नेहमीच्या सवयीने, जसे आपण झोपलेल्या माणसाच्या पायाशी वाट सोडतो. मग चष्मा कपाळावर चढवला. मी दचकले, आता तो प्रश्न येणार.

“आज फ्राक कोनता हाये, बाई?”

“लालच. बाही उसवली पुन्हा.”

“कोनत्या हाताची?”

“उजव्या. उन्हात बसली, म्हनून डोये बारीक करून राह्यली.”

“तोंड इकडं हाये, का तिकडं?”

“तुह्याकडंच हाये. काऊन, तुले ओयखत नाई काय ते?”

सर हसले. तेच प्रश्न होते. कोणत्या बाजूला, उजेड कसा, तोंड कुठे. दूधवाल्याला विचारलेले, प्राचार्यांना विचारलेले. पण तिथे ते प्रश्न दिसलेले पुसून टाकण्यासाठी होते. इथे एकेका प्रश्नाने ती मुलगी थोडी अधिक दिसावी, म्हणून होते. बाई अंगणभर जवारी टाकत होत्या. आधीच्या अनेक शनिवारी आलेल्या, पायात विटलेले धागे मिरवणाऱ्या साऱ्या पदवीधर कोंबड्या तिथे हिंडत होत्या. त्या सीताफळीपर्यंत जात, तिथे मान तिरकी करीत आणि त्या रिकाम्या जागेला वळसा घालून परत फिरत.

सर मला बसपर्यंत सोडायला आले. ते स्वतः रविवारपर्यंत राहणार होते. वाटेत त्यांनी सांगितले. रखमी ही बाईंची एकुलती मुलगी. सर शाळेत होते तेव्हा तिला खांद्यावर बसवून ओढ्यावर नेत. ती तापाने गेली. पुढे कितीतरी वर्षांनी बाईंची दृष्टी गेली, आणि त्याच हिवाळ्यात रखमी परत येऊन कोपऱ्यात बसू लागली. बाईंना दुसरे काही दिसत नव्हते; ती दिसत होती. बाईंनी आनंदाने शेजारणींना सांगितले. शेजारणींनी मांत्रिक बोलावला. त्याने मिरचीची धुरी दिली.

“डोयात,” सर म्हणाले. “ज्या डोयानं दिसतच नोतं, त्या डोयात.”

तेव्हापासून बाई कोणाजवळ बोलत नाहीत. गाव समजते, भूत उतरले. सर आले की अंगणाचे दार लोटून दोघे बोलतात. कोल्हे काकूंचे माहेर सेलूचे; काकूंना आज कळले की सेलूच्या बाजारातून ते उद्या हिंगणीला पोचणार, आणि मग पुन्हा धुरी. त्यापेक्षा वर्ध्याने आपल्याला कोंबड्या बळी देणारा म्हटले तरी चालेल, खोल्या गेल्या तरी चालतील, असे त्यांनी ठरवले होते.

मी विचारले की तुम्हालाही रखमी दिसते का.

“मले नाई दिसत. माह्ये डोये साबूत हायेत.” ते म्हणाले. “पुस्तकात माणसाची ती वाट नाई लिहिली. नसंलही. पन बाईले कोन दाखवते मग?”

अमावस्येच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अंगणात सर्वजण जमले. काकाजी खुर्चीवर, काकू पायरीवर, आजूबाजूची काही मंडळी भिंतीला टेकून. सर एका बाजूला उकिडवे बसून एका डोळ्यावर झापड बांधलेल्या नव्या कोंबडीच्या पायात निळा धागा बांधत होते. त्यांच्या खोलीत ट्रंक भरून ठेवलेली मला दारातून दिसत होती.

मी सांगितले की कोंबड्या हिंगणीला जातात. तिथे सरांची बहीण एकटी राहते, तिला दिसत नाही, आणि सोबत म्हणून सर तिला कोंबड्या नेऊन देतात. एकही मेलेली नाही. पायातले धागेसुद्धा आहेत तसेच आहेत. सारवलेले अंगण कसे होते, जवारी कशी पडत होती, तेही मी सांगितले. कविता शिकवणाऱ्या बाईला तेवढी सवलत असते.

काकूंनी मला नीट पाहून घेतले. “सोताच्या डोयानं पाह्यलं?”

“स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.”

अंगणातल्या साऱ्या माना भोयर सरांकडे वळल्या. हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारले गेले होते आणि प्रश्न येणारच होता. काकाजींनी तर तो ऐकण्यासाठी तोंडातले पान एका गालात सरकवले. सरांनी धाग्याची गाठ मारली, सुटते का ते ओढून पाहिले, पुन्हा मारली. मान वर केली नाही.

“अन् अजून कोन होतं तिथं?” काकूंनी विचारले.

सरांची बोटे धाग्यावर थांबली.

“कोणी नाही,” मी म्हणाले. “त्यांची बहीण आणि कोंबड्या.”

काकू उठल्या, पदर झटकला आणि काकाजींना म्हणाल्या की असं होतं तर मेल्यानं आधीच सांगाचं होतं, आंधळ्या बहिणीले कोंबड्या देते त्याले कोन हाकलते; आणि अहो, उद्यापासून सरांकडं शिळं-पाकं जे उरलं असंल ते कोंबड्यांले पाठवत जा. नवे सूत मिळाले होते, त्या ते गुंडाळत आत गेल्या. मंडळी थोडी निराश होऊन पांगली.

अंगणात आम्ही दोघे उरलो. कापसाचे एक तूस तरंगत आले आणि कोंबडीच्या पिसांवर बसले. सर अजून उकिडवेच होते. त्यांनी विचारले, आणि त्या स्वरात मी आधी कधी न ऐकलेले काही होते. त्यांना या वेळी माझे उत्तर खोडायचे नव्हते.

“म्याडम, त्या कोपऱ्यात तुमाले काई दिसलं काय?”

खोटे बोलणे सोपे होते, आणि दुसऱ्यांदा बोलणे त्याहून सोपे. पण त्या माणसापुढे जे दिसले तेवढेच सांगावे, असे मला वाटले.

“मुलगी नाही दिसली,” मी म्हणाले. “पण कोंबड्या त्या जागेवर पाय ठेवत नव्हत्या. तिथपर्यंत जात होत्या आणि वळसा घालून परत येत होत्या.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मी पाहत होते. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक आपल्या जागी परत येत होता.

“बाई तिथं दाने टाकत नाई,” ते म्हणाले. “म्हनून.”

त्यांनी कोंबडी खाली सोडली. ती दोन पावले गेली, मान तिरकी केली आणि उघड्या डोळ्याने कुठेतरी, आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहू लागली.

“म्हनूनच असंल,” भोयर सर म्हणाले, आणि तिच्या नजरेच्या वाटेतून जरा बाजूला सरकून बसले.